दहा हजारांत ऑफिसचं कपाट, आणि नळाला पाणी आठव्या दिवशी

परवा लातूरहून नणंदेच्या पोरीचा मेसेज आला, मामी मला नोकरी लागली, फायनान्स कंपनीत कर्जाच्या डिपार्टमेंटला ऑफिसर म्हणून, एक तारखेला जॉइन व्हायचंय, कपाटात घालण्यासारखं एकबी नाही, मम्मी दहा हजार देते म्हणायली, सांग ना काय काय घेऊ. मागोमाग सात कुर्त्यांचे स्क्रीनशॉट. सगळे एकाच जातीचे, छातीवर भरतकाम आणि खाली हा एवढा घेर, आता पोरगी कर्जाच्या फाइली बघायला चालली का कुणाच्या साखरपुड्याला ते मला कळंना. म्हणलं बाई, ते कार्ट रिकामं कर आधी आणि फोन लाव. त्या फोनवर तास-दीड तास जे बोलणं झालं तेच इथं लिहितेय. मी स्वतः चौदा वर्षं संभाजीनगरजवळच्या वाळूजच्या एका कंपनीत अकाउंट्सला आहे आणि कपड्यांत जेवढे पैसे वाया घालवायचे तेवढे घालवून बसलेय, त्यामुळं पोरींनो तुमचे तरी वाचावेत.

पहिलं काम म्हणजे दुकानात जायच्या आधी बोटावर दिवस मोजा. मोबाइलवर व्हिडिओ येतात ना, पाच टॉप तीन बॉटम आणि त्यातून पंधरा जोड्या, बघायला लई भारी वाटतं, पण त्या बाईच्या नळाला रोज पाणी येत असतं. आमच्या भागात आठव्या दिवशी येतं, कधी नवव्या. धुणं त्याच दिवशी. मग मधले ऑफिसचे सहा दिवस धरले तर सहा कुर्ते लागणारच, वर दोन जास्तीचे, एक चहा सांडला तर आणि एक पाणी लांबलं तर. झाले आठ. खालच्या पँटा गडद असल्या तर दोन-दोन दिवस चालतात, त्या चार बस. भाची म्हणली मामी आठ म्हणजे जास्तच होतात की. म्हणलं २०१६ ला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणलं त्या गावची तू, तुला मी काय सांगू. आता ज्यांच्याकडं बोअर आहे आणि रोज मशीन लागतं त्यांचं पाच कुर्ते आणि तीन पँटांत भागतं, त्यांनी माझं ऐकून उगं आठ घेऊ नका.

आकडा ठरला की मग कपाट उघडायचं. सगळं काढून पलंगावर टाका, वरच्या बॅगेतलं आणि गादीखालच्या पेटीतलं पण. एकेक कपडा हातात घेऊन एकच विचारायचं, हा मी कामून घालत नाही? उत्तर बहुतेक वेळा लई बारीक निघतं. भाचीच्या पसाऱ्यात चौदा कुर्ते निघाले, जे कपाट "एकबी नाही" होतं त्यातले. एक काखेत घट्ट, एकाचा बाजूचा कट वर कमरेपर्यंत उसवलेला, एकाचा गळा मोठा म्हणून खांद्यावरून घसरायचा, एकाची बाही कोपराच्या मधोमध येऊन टोचायची, आणि एक चांगला बाटली-हिरवा कॉटनचा, त्याच्यावर पँटच नाही म्हणून दोन वर्षं घडीच मोडली नव्हती. हे पाच बाजूला ठेवले. चौघांची दुरुस्ती साठ रुपयांप्रमाणं दोनशे चाळीस. आठातले पाच कुर्ते दोनशे चाळीस रुपयांत आले, अजून बाजारात पाय ठेवला नव्हता. उरलेल्या नवातले बरे घरात घालायला आणि बाकीचे बोहारणीला, नणंदबाईंनी त्याचा एक स्टीलचा डबा घेतला म्हणे.

आता माझी एक गोष्ट ऐका म्हणजे पुढचा हिशोब पटेल. मला पहिलं प्रमोशन मिळालं तेव्हा ऑडिटवाले येणार म्हणून मी काळा ब्लेझर घेतला, २६०० चा. महिना मे. बाहेर ४२ डिग्री, कापड पॉलिस्टर, आणि नेमका त्या दिवशी मीटिंगच्या खोलीतला एसी बंद. अर्ध्या तासात पाठीला आतून धारा, काढावा तर आतल्या शर्टावर घामाचा नकाशा उमटलेला, म्हणून तसाच घालून बसले आणि ऑडिटरनं विचारलेलं एक व्हाउचर मला सापडंना. तो ब्लेझर त्यानंतर एकदाच घातला. म्हणजे दोनदा, एका वेळेला १३०० रुपये पडले. त्याच्या शेजारी माझा साधा निळा खादीचा कुर्ता लटकलेला असतो, कापड-शिलाई मिळून साडेसातशे, दोन वर्षं जवळजवळ दर आठवड्याला घातलाय, शंभर वेळा धरा, एका वेळेला साडेसात रुपये. किमतीच्या चिठ्ठीला "किती वेळा घालीन" नं भागायचं, दुकानातच, मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवर. सेलमध्ये तीनशेला मिळालेला कुर्ता दोनदाच घातला तर तो पण महागच पडला.

घ्यायच्या आधी ऑफिसात काय चालतं ते विचारून घ्या, लाजू नका, एचआरला एक फोन. काही ठिकाणी जीन्स चालते, काही ठिकाणी दुपट्टा पाहिजेच. राज्य सरकारच्या नोकरीत असाल तर डिसेंबर २०२० चं परिपत्रक आहे, त्यात साडी, सलवार, चुडीदार-कुर्ता, पँट-शर्ट असं दिलंय, स्लिपर नको आणि आठवड्यातून एक दिवस, शुक्रवारी, खादी. शिक्षिकांसाठी मार्च २०२४ मध्ये वेगळं निघालं, साडी नाहीतर सलवार-चुडीदार, कुर्ता, दुपट्टा, आणि भडक नक्षीचे, प्रिंटचे कपडे नको. म्हणजे शाळेवर असाल तर मी खाली बारीक प्रिंटचं जे कौतुक केलंय ते सोडून वाचा.

खरेदीची सुरुवात खालून करायची, म्हणजे पँटांपासून. आपण सगळ्याजणी उलटं करतो, कुर्ता आवडला की घेतो आणि मग त्याच्यावर लेगिंग शोधत हिंडतो, म्हणून तर तो हिरवा दोन वर्षं पडून होता. काळी, नेव्ही, बेज आणि एक गडद राखाडी, सरळ कटच्या चार पँटा, साडेपाचशेप्रमाणं बावीसशे. पांढरी नको. बेज धुळीला चांगली, आपल्याकडची धूळ त्याच्यात मुरून जाते, काळीवर उलट प्रत्येक कण दिसतो, पण काळीला पर्याय नाही. कमरेला पुढं सपाट पट्टी आणि मागं इलॅस्टिक असेल तर उत्तम, दिवसभर खुर्चीत बसून आणि दुपारी दोन भाकरी खाऊन नाडी कुठं रुतते ते बसणारीलाच ठाऊक. खिसा असलेली मिळाली तर पन्नास रुपये जास्त द्या आणि घ्या.

कापडाचं आता. मराठवाड्यात मार्च ते जून कॉटन, मलमल, खादी, लिनन यांच्याशिवाय दुसरं अंगाला लावू वाटत नाही. लिनन दिसतं छान पण अकरा वाजेपर्यंत त्याचा कागद चुरगाळल्यासारखा होतो, रोज इस्त्री करणार असाल तरच. रेयॉन अंगाला गार लागतं, दुकानात मस्त झुलतं, पण ओलं झालं की दम नसतो त्याला आणि पहिल्या धुण्यात दोन बोटं वर जातं, रेयॉन घ्यायचंच तर एक साइज मोठं. पॉलिस्टर घाम पीत नाही, वास धरून ठेवतं. दुकानदार "प्युअर कॉटन ताई" म्हणतोच, त्यावर विश्वास ठेवायचा नसेल तर घरी येऊन शिलाईच्या आतल्या कडेचा एक धागा ओढा आणि काडीवर धरा, कॉटन कागदासारखं जळून मऊ राख होते, पॉलिस्टर वितळून कडक मणी होतो. रंगाचं म्हणाल तर घाम सगळ्यात जास्त दिसतो तो राखाडी आणि आकाशी रंगावर. पांढरा, नेव्ही आणि बारीक प्रिंट घाम झाकतात. आणि बाहेर ४२ असलं तरी आत एसीवाले १८ करून बसतात, म्हणून ड्रॉवरमध्ये एक कॉटनचं बिनबाह्यांचं जॅकेट नाहीतर जाड दुपट्टा कायमचा ठेवून द्यायचा. ब्लेझरचं काम त्यात भागतं.

ट्रायल रूममध्ये आरशासमोर सरळ उभं राहून काय कळतं, काहीच नाही. तिथं तीन गोष्टी करायच्या. एक, स्टुलावर बसायचं, नसेल तर उकिडवं, आणि मांडीवर कुर्ता किती वर चढतो ते बघायचं. दोन, दोन्ही हात पुढं करायचे, स्कूटीचं हँडल धरल्यासारखे, पाठीत आणि काखेत ओढ बसली तर तो कुर्ता तिथंच ठेवायचा, कारण सनकोट चढवल्यावर ती ओढ दुप्पट होते. तीन, हात वर, वरच्या रॅकची फाइल काढल्यासारखा. आमच्या वाळूज रोडला सकाळी बघा, स्कार्फ, सनकोट, गॉगल, हातमोजे, दरोडेखोरांची फौज चाललीय असं वाटतं, आणि त्या सनकोटाच्या आत जो काय भारी कुर्ता असेल तो ऑफिसात पोचेपर्यंत चुरगाळलेलाच असतो. म्हणून स्कूटीवाल्यांनी थोडं वजन असलेलं, पटकन चुरगळी न धरणारं कॉटन घ्यावं, आणि बाजूचा कट मांडीच्या मध्यापर्यंत तरी पाहिजे, नाहीतर पाय टाकताना उसवलाच म्हणून समजा.

आता टेलर. माझ्या मते दहा हजारांतली सगळ्यात कामाची वस्तू म्हणजे घराजवळची चांगली शिवणारी बाई, तिला धरून राहा. रेडिमेड कुर्त्याला आत माया, म्हणजे शिलाईच्या आत सोडलेलं जास्तीचं कापड, नसतेच, पाव इंच कापड सोडून इंटरलॉक मारलेलं असतं, वजन दोन किलो वाढलं की कुर्ता गेला. शिवून घेताना तिला स्पष्ट सांगायचं, दोन्ही बाजूला एकेक इंच माया ठेवा. पुढं कधी सैल करावं लागलं तर एक टीप उसवली की झालं. गुडघ्याखालच्या कुर्त्याला ४४ इंच पन्ह्याचं, म्हणजे रुंदीचं, अडीच मीटर कापड बस होतं, १८० च्या भावानं साडेचारशे, बिनअस्तराची शिलाई तीनशे, म्हणजे साडेसातशेत तुमच्या मापाचा कुर्ता. तीन शिवले तर साडेबावीसशे. आमच्या टेलरताईंचे भाव हे, तुमच्याकडं पन्नास इकडं-तिकडं होतील.

कापड आधी पाण्यातून काढा, हे विसरू नका. रात्री बादलीत भिजवायचं, सकाळी सावलीत वाळवायचं, जे काय आटायचं ते आधीच आटून घेतं, आणि त्याच वेळी ओल्या कापडाच्या कोपऱ्यावर पांढरा रुमाल घासून बघायचा, रंग लागला तर हे कापड पुढं कायम वेगळं धुवायचं. मग टेलरकडं जाताना टेपनं माप द्यायच्या भानगडीत पडू नका, जो कुर्ता अंगाला सगळ्यात बरा बसतो तो मापाला द्या आणि तोंडी फरक सांगा, मुंढा, म्हणजे बाही जोडतात तो घेर, अर्धा बोट सैल, गळा एक बोट वर, काखेत दुहेरी टीप, उजव्या बाजूला खिसा, आणि तो खिसा मोबाइल बसेल एवढा, मोबाइल तिथंच काढून दाखवा. फिक्या कापडाला पुढं-मागं अस्तर, बाह्यांना नको. उरलेलं कापड मागून घ्यायचं, चिंधी असली तरी. ते पुढं लागतंच, सांगते. आणि वेळ बघून जा, नवरात्रापासून दिवाळीपर्यंत आणि लग्नसराईत ताईंच्या मशीनपाशी पिशव्यांचा ढीग असतो, तेव्हा टाकलेलं कापड "उद्या देते" म्हणत महिनाभर बसतं.

कुठून घ्यायचं? लातूरवाल्यांना गंजगोलाई आहेच, मध्ये अंबाबाईचं देऊळ आणि भोवती सोळा रस्ते, पण सोळाही रस्ते हिंडू नका, दोन-तीन कापडवाले ठरवा आणि ताग्यातून मीटरनं घ्या, कटपीसच्या ढिगात चांगला माल निघतो पण लांबी तिथंच मोजायला लावा. संभाजीनगरला आम्ही गुलमंडी, औरंगपुऱ्याकडं जातो, सकाळी अकराच्या आत, गर्दी नसली की दुकानदार कापड उलगडून उजेडात दाखवतो. खादीसाठी मला लांब जावं वाटत नाही, आपल्या नांदेडच्या मराठवाडा खादी ग्रामोद्योग समितीत तिरंगा तयार होतो, त्याचं कापड उदगीरला विणलं जातं, हे पुण्याच्या मैत्रिणींना सांगितलं की त्यांचे डोळे मोठे होतात. खादी दोन ऑक्टोबरच्या सुमारास घ्या, तेव्हा सूट असते. नवी खादी जरा खरखरीत लागते, चार धुण्यांनंतर मऊ पडते आणि मग सोडवत नाही.

महागाचा रेडिमेड घ्यायचा झालाच तर जीएसटी बघा. २२ सप्टेंबर २०२५ पासून अडीच हजारांपर्यंतच्या तयार कपड्याला ५ टक्के आणि त्याच्या वर गेला की १८. म्हणजे २४०० आणि २६०० च्या दोन कुर्त्यांत फरक दोनशेचा दिसतो पण बिलाला मूळ किमतीवर टॅक्स लागणार असेल तर २५२० आणि ३०६८ होतात.

ऑनलाइन घेऊ नका असं मी म्हणत नाही, मी पण घेते, पण एम-एल-एक्सएल वर जाऊ नका, प्रत्येकाचा एल वेगळा. आपला चांगला बसणारा कुर्ता पलंगावर सपाट पसरा, काखेपासून काखेपर्यंत मोजा, दुप्पट करा, खांदा मोजा, लांबी मोजा, तीन आकडे मोबाइलमध्ये लिहून ठेवा आणि साइटवरच्या कपड्याच्या मापाशी लावून बघा. फोटो मॉडेलचे नका बघू, घेतलेल्या बायकांनी खाली टाकलेले बघा, घरातल्या ट्यूबलाइटखालचे, खरा रंग तिथं कळतो. आणि पैसे परत मिळतात का निस्तं बदलून देतात ते आधी वाचा. मी एकदा न वाचता घेतलं, आता माझ्याकडं एका साइटचे ९०० रुपये "क्रेडिट" म्हणून पडलेत आणि तिथलं काहीच आवडत नाही.

आतल्या कपड्यांत काटकसर करू नका. कॉटनच्या दोन बऱ्या ब्रा आणि एक-दोन स्लिप, सातशे धरा. फिक्या कुर्त्याखाली पांढरी स्लिप उलट उठून दिसते, अंगाच्या रंगाची घ्या, दिसत नाही. चपलेचं एकच, मागून पट्टा असलेली, काळी नाहीतर टॅन, अकराशेपर्यंत, आणि दुकानात संध्याकाळी जा, दिवसभरानं पाय थोडा सुजलेला असतो, तेव्हा बसली ती कायम बसते. पर्स जुनी चालते पहिला महिना, कुणी बघत नाही.

साडी नेसायची असली तर महिन्याला एक-दोन दिवस पुरे, आईच्या कपाटातल्या दोन कॉटनच्या साड्या मागा, ब्लाउज तेवढा नवा शिवा. पैठणीकडं ऑफिससाठी बघू पण नका. त्यापेक्षा एक हिमरूची शाल नाहीतर स्टोल असू द्या, सूत-रेशमाची, आपल्या संभाजीनगरची ओळख, साध्या काळ्या कुर्त्यावर टाकली की वरचे साहेब आले त्या दिवसाचं काम झालं. पण हे पहिल्या पगारानंतर.

धुण्याचं दोन शब्दांत सांगते, कारण नवे कपडे जुने दिसतात ते इथंच. बोअरचं आणि टँकरचं पाणी जड असतं, साबणाची वडी त्यातल्या कॅल्शियमशी जुळून चिकट थर बसवते, मग पांढरं पिवळट आणि काळं राखेसारखं दिसायला लागतं. ऑफिसच्या कॉटनला वडी लावू नका, पावडर वापरा, आणि पाण्यात आधी चमचाभर धुण्याचा सोडा. रेशमाला आणि लोकरीला सोडा नाही. उलटं करून धुवायचं, उलटंच वाळवायचं, आणि सावलीत, आपलं ऊन एका उन्हाळ्यात नेव्हीचा आकाशी करून टाकतं.

हिशोब मांडला तर असा झाला. दुरुस्ती २४०, पँटा २२००, तीन कुर्ते २२५०, चप्पल ११००, आतले ७००. एकूण ६४९०. दहातले ३५१० उरले, आणि ते पहिला महिना अजिबात खर्चायचे नाहीत असं मी तिला बजावलं, कारण तिथं एसी किती असतो, फिल्डवर किती जावं लागतं, बाकीच्या बायका काय घालतात हे तिला कुठं माहितीये अजून.

दहा तारखेला तिचा फोन. मामी, सगळं बसलं, पण ताईंनी खिसा एवढासा केलाय, मोबाइल अर्धा बाहेर. म्हणलं दाखवला होता का मोबाइल? नाही म्हणली, विसरले. म्हणलं मग उरलेलं कापड घेऊन जा, खालून जोडून देतील, वीस रुपयांचं काम. गेली, झालं. वर हळूच विचारायली, मम्मी म्हणते उरलेले पैसे परत दे, काय करू? म्हणलं मम्मीला सांग, मामीनं ठेवून घ्यायला सांगितलेत, आणि फोन माझ्याकडं देऊ नको.